झुडपांतील डबा

लपवून ठेवलेली वस्तु शोधून काढण्याची हौस मनुष्यास बालपणापासून असते. त्या हौशीस वयाची मर्यादा नसते, हें मात्र मला गेल्या हिंवाळ्यांत कळलें. परदेशीं नोकरीस असलेला माझा भाचा तीन आठवड्यांसाठीं धंतोलींत आमच्या घरीं उतरला होता. चाळिशीकडे झुकलेला हा गृहस्थ रोज सकाळीं चहा होतांच हातांत मोबाईल घेऊन बाहेर पडे आणि तासाभरानें, गुडघ्यांना माती व सदऱ्याला काटे लागलेले, अशा थाटांत परत येई. चौकशी करतां त्यानें सांगितलें कीं, तो जगभर चालणारा एक खेळ खेळत आहे. त्या खेळास जिओकॅशिंग असें म्हणतात.

खेळ असा आहे. कोणी एक खेळाडू एखाद्या झाडाच्या ढोलींत, दगडाखालीं किंवा पुलाच्या कठड्यामागें एक लहानसा डबा लपवितो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. ते अंक घेऊन दुसऱ्यांनीं डबा शोधावयाचा, आंतील वहींत आपलें नांव व तारीख लिहावयाची, आणि डबा जसा होता तसाच, होता तेथेंच, ठेवून द्यावयाचा. डब्यांत कांहीं बारीकसारीक वस्तु असल्या तर त्यांतील एखादी घेण्यास हरकत नाहीं. मात्र तितक्याच किंवा अधिक मोलाची दुसरी वस्तु तेथें ठेवली पाहिजे. उपग्रहांवरून मिळणाऱ्या स्थानसंदेशांत सामान्य जनांसाठीं मुद्दाम ठेवलेला अस्पष्टपणा अमेरिकेच्या सरकारनें २००० सालच्या मे महिन्याच्या आरंभीं काढून टाकला. तोंवर शंभर मीटरपर्यंत चूक दाखविणारीं यंत्रें त्या रात्रीपासून दहा-वीस मीटरांपर्यंत नेमकीं झालीं. लगोलग ३ मे रोजीं ऑरेगन राज्यांत पोर्टलंड शहरानजीकच्या रानांत डेव्ह अल्मर नांवाच्या गृहस्थानें एक बादली लपवून तिची जागा जाहीर केली, आणि थोड्याच दिवसांत ती दुसऱ्यास सांपडलीही. आज असे तीस लाखांहून अधिक डबे पृथ्वीच्या पाठीवर लपलेले आहेत.

प्रथम मला हा खेळ पोरकट वाटला. ज्यांत मिळावयाचें कांहींच नाहीं त्याचा शोध कशाला घ्यावयाचा? परंतु थोडा विचार करतां ध्यानांत आलें कीं, या खेळाचें मोठेपण त्या 'कांहींच नाहीं' यामध्येंच आहे. गुप्तधन हा शब्द आपल्याकडे जितका जुना तितकाच काळवंडलेला आहे. मोहरांनीं भरलेला हंडा, त्यावर वेटोळें घालून बसलेला नाग, धन दिसणारा पायाळू मनुष्य आणि अमावास्येची रात्र, ही सामग्री आजीच्या गोष्टींत शोभून दिसते. पण त्या गोष्टी खऱ्या मानणारांनीं निरपराध जिवांचे बळी घेतले आहेत. जादूटोणा व अघोरी प्रथा यांना आळा घालण्यासाठीं महाराष्ट्रानें २०१३ सालीं जो कायदा केला, त्यांत गुप्तधनाच्या शोधापायीं होणाऱ्या अमानुष कृत्यांचाही विचार करावा लागला तो यामुळेंच. सरकारही या मोहापासून अगदींच अलिप्त नसतें. जमिनींत सांपडलेला ठेवा दहा रुपयांहून अधिक किंमतीचा असल्यास तो सांपडणारानें कलेक्टरास कळविला पाहिजे, असें इंग्रजी अमदानींतील १८७८ चा निखात निधि कायदा सांगतो. धनाचा धनी कोणी नाहीं असें ठरलें आणि जागेचा मालक पुढें आला, तर तीन हिस्से शोधणाराचे व एक हिस्सा मालकाचा, अशी वांटणीही त्यानें ठरवून दिली आहे. सारांश, आपल्या परंपरेंत सांपडलेल्या वस्तूविषयीं पहिला प्रश्न एकच असतो : ही आतां कोणाची?

या खेळांत तो प्रश्नच उद्भवत नाहीं. सांपडलेली वस्तु सांपडणाराची होत नाहीं. तिची त्यास केवळ भेट होते. डब्यास कुलूप नसतें, जवळ पहारा नसतो, आणि शोधणारा बहुधा एकटाच असतो. त्यानें डबा खिशांत घातला तर त्यास पाहणारा कोणी नाहीं, दंड करणारा कोणी नाहीं. असें असूनही लक्षावधि माणसें डबा परत जागेवर ठेवतात, वर पूर्वीं होतीं तशीं पानें पसरतात, आणि आपण कधींच न पाहिलेल्या पुढच्या माणसासाठीं तो आनंद शिल्लक ठेवून निघून जातात. साक्षीदारावांचून केलेलें सदाचरण हीच सदाचरणाची खरी कसोटी असेल, तर हा पोरखेळ त्या कसोटीस उतरतो. भाच्याकडे मी थोड्या आदरानें पाहूं लागलों.

परंतु दुसऱ्याचे डबे शोधून त्याचें समाधान होईना. जाण्यापूर्वीं आपलाही एक डबा नागपुरांत लपवावा असें त्यानें मनांत घेतलें. नागपूरकरास ही अक्षांश-रेखांशांची भाषा तशी नवी नाहीं. या देशाची मोजणी १८०२ सालीं मद्रासेहून आरंभून उत्तरेकडे आणणारा विल्यम लॅम्बटन आमच्या शेजारच्या हिंगणघाटास १८२३ सालीं मरण पावला व तेथेंच चिरविश्रांति घेत आहे. त्याच मोजणीच्या परंपरेंतील १९०७ सालची खूण, जीस आपण झिरो माईल म्हणतों, विधानभवनाजवळ उभी आहे. जमीन मोजली म्हणजे ती सारावसुलीस, सैन्याच्या हालचालीस आणि हुकुमतीस सोपी जाते. त्या मोजणींतून निघालेलें शास्त्र आज डबे लपविण्याच्या कामीं यावें, हा काळाचा एक सुखद सूड म्हणावयाचा.

भाच्यानें जी जागा हेरली होती ती मात्र ऐकून मी चमकलों. सदरच्या बाजूस टेकडीवर जुनें गव्हर्नमेंट हाऊस आहे. १८६१ सालीं मध्य प्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झाली, आणि १८९१ सालीं चीफ कमिशनरच्या इतमामास साजेसा हा प्रासाद पुरा झाला. चीफ कमिशनर गेले, गव्हर्नर आले. १९५६ सालीं नागपूरचें राजधानीपण गेलें. १९६० सालीं महाराष्ट्र झाला आणि तो प्रासाद राज्यपालांच्या नागपुरांतील मुक्कामासाठीं राहिला. लोक त्यास राजभवन म्हणत आले. सभोंवार विस्तीर्ण उपवन, दाट झाडी, मोर, आणि त्या सर्वांभोंवतीं भिंत. भाचा म्हणाला, "मामा, इंग्लंडांत जुन्या जमीनदारी वाड्यांच्या उपवनांत असे कितीतरी डबे असतात. मालकाची परवानगी घ्यावी असा नियमच आहे. पण मी भिंतीच्या आंत ठेवणार नाहीं, बाहेर ठेवीन. बाहेरची जागा तर सर्वांची."

मीं त्यास विचारलें कीं, रेल्वे स्टेशनावर दिवसांतून दहा वेळां काय सांगतात तें तूं ऐकलें आहेस ना? बेवारस वस्तूस हात लावूं नका, पोलिसांना कळवा. राज्यपालांच्या भिंतीलगत झुडपांत दडविलेला डबा पहाऱ्यावरील शिपायास दिसला तर त्याला त्यांत खेळ दिसणार नाहीं. आणि न दिसणें हेंच त्याचें कर्तव्य आहे. रस्ता बंद होईल, बॉम्ब निकामी करणारें पथक येईल, आणि कोणा एका माणसास जीव मुठींत धरून त्या डब्याजवळ जावें लागेल. तूं त्या वेळीं विमानांत असशील. गंमत तुझी आणि धास्ती त्याची, ही वांटणी न्यायाची नव्हे. भाचा समंजस आहे. त्यानें तो बेत सोडला. मात्र आमच्या वस्तींतील एका लहानशा बागेंत, मेंदीच्या कुंपणाच्या बुंध्याशीं, त्यानें एक पत्र्याचा डबा ठेवला. त्यावर इंग्रजींत एक चिठ्ठी चिकटविली : हा खेळाचा डबा आहे, कृपया हलवूं नये. आंत वही, पेन्सिल आणि चार-दोन खेळणीं. कोणाची परवानगी घेतलीस काय, असें विचारतां तो हंसून म्हणाला, "येथें कोणाचें काय जातें, मामा?" मीही गप्प राहिलों. या गप्प राहण्यांत माझाही वांटा आहे, म्हणून तें येथें नमूद करतों.

जाण्याच्या आदल्या दिवशीं डबा सुखरूप आहे कीं नाहीं हें पाहण्यास आम्ही दोघे गेलों. भाचा कुंपणाशीं ओणवा होऊन हात घालून चांचपूं लागला. तें पाहून बागेचा माळी धांवत आला आणि अदबीनें म्हणाला, "काय हरवलं जी, साहेब? मी पाहू काय?" आणि तोही बिचारा आमच्याबरोबर शोधूं लागला. इतक्यांत कुंपणाच्या दुसऱ्या टोकास पाठीवर गोणी घेतलेली, भंगार वेंचणारी एक म्हातारी तशीच वांकून झुडपांत हात घालीत होती. माळ्याची नजर तिच्याकडे गेली आणि तो खेंकसला, "ए बाई, काय उचलून रायली तिथं? चाल, नीघ!"

एकाच झुडपांत, एकाच वेळीं, दोन माणसें वांकून कांहीं शोधीत होतीं. एकाचे कपडे पाहून त्याचें कांहीं हरवलें असावें असें ठरलें. दुसरीचे पाहून ती कांहीं चोरीत असावी असें ठरलें. माळ्यास मी दोष देत नाहीं. त्याच्या जागीं मी असतों तरी माझ्या तोंडून कदाचित् तेच शब्द गेले असते. पण वस्तुस्थिति अशी होती कीं, संशयास्पद काम आम्ही करीत होतों आणि ती म्हातारी रोजचा प्रामाणिक उद्योग करीत होती. झुडपांत वांकून शोधण्याची मोकळीक ही सर्वांना सारखी मिळालेली नाहीं. ज्याला शोधण्याची गरज नाहीं त्यालाच ती आहे, हें त्या क्षणीं मला उमगलें आणि खेळाची अर्धी गोडी तेथेंच उतरली.

डबा जागेवर नव्हता. भाचा खिन्न होऊन परत गेला. चार दिवसांनीं तीच म्हातारी आमच्या गल्लींत आली, तेव्हां मीं सहज विचारलें. तिनें कांहींही आढेवेढे न घेतां सांगितलें, "हो जी, मीच नेला. पत्रा चांगला होता, भंगारात इकला. वही कोरी होती, ते नातीनं घेतली." मीं म्हटलें, "पण तो कोणाचा तरी होता, बाई." यावर ती माझ्याकडे आश्चर्यानें पाहत म्हणाली, "कोनाचा होता तं मंग झुडपात काहून ठेवला जी?"

या प्रश्नाचें उत्तर मला त्या वेळीं देतां आलें नाहीं. भाच्यास फोनवर हकीकत कळविली तेव्हां तो म्हणाला कीं, त्यांच्या खेळांत असें पुष्कळ वेळां घडतें. न खेळणारांस ते 'मगल' म्हणतात, आणि डबा नाहींसा झाला म्हणजे मगलांनीं नेला असें म्हणतात. एका प्रसिद्ध इंग्रजी कादंबरीमालेंत जादू न येणाऱ्या सामान्य माणसांना दिलेलें हें नांव आहे. शब्द थट्टेचा खरा, पण त्या थट्टेंत जगाचे दोन भाग झालेले आहेत : ज्यांना नियम ठाऊक आहे ते, आणि जे मध्यें येतात ते.

म्हातारीनें चोरी केली काय? दुसऱ्याची वस्तु त्याच्या संमतीवांचून घेणें म्हणजे चोरी, एवढीच व्याख्या धरली तर केली. परंतु वस्तु दुसऱ्याची आहे हें ठाऊक असल्यावांचून, किंवा निदान ठाऊक असावयास हवें होतें असें म्हणतां आल्यावांचून, दोष लागत नाहीं. जिच्या उद्योगाचा आधारच असा कीं झुडपांत पडलेलें तें टाकलेलें, तिनें डबा तसा समजला यांत तिचें काय चुकलें? चिठ्ठी होती हें खरें. पण ती इंग्रजींत होती. नियम आम्ही केला, तो आमच्या भाषेंत लिहिला, आमच्या मंडळींत जाहीर केला, आणि जिला त्यांतील कांहींच सांगितलें नव्हतें तिनें तो मोडला म्हणून आम्ही खिन्न झालों.

येथें मला एक जुनी गोष्ट आठवते. या खेळाचा पूर्वज म्हणून ज्याकडे बोट दाखवितात तो इंग्लंडांतील डार्टमूरचा खेळ १८५४ सालीं सुरू झाला. जेम्स पेरट नांवाच्या वाटाड्यानें क्रॅनमियर पूल या दुर्गम ठिकाणीं एक बाटली ठेवली. तेथवर पोंचणारानें आपल्या नांवाचें कार्ड तींत टाकावें. त्याच १८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें. आदल्या डिसेंबरांत तिसरे रघूजी भोंसले निपुत्रिक वारले, आणि औरस वारस नसलेलें राज्य वरिष्ठ सत्तेकडे जातें हा कंपनी सरकारचा नियम डलहौसीनें येथें लागू केला. भोंसल्यांचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर लिलावांत मातीमोलानें विकले गेले, जडजवाहीर कलकत्त्यास रवाना झालें, आणि वयोवृद्ध बांकाबाईंचा संताप वाऱ्यावर गेला. आमच्या धंतोलीपासून ती जागा हांकेच्या अंतरावर आहे. एका राज्याचा लय आणि एका डब्याचें नाहींसें होणें, यांना एका तागडींत घालण्याइतका मी अविचारी नाहीं. तेथें तर नियम करणारानेंच वस्तु उचलली, येथें ती नियम न जाणणारीनें उचलली. दोहोंत जमीनअस्मानाचें अंतर आहे. परंतु दोहोंच्या मुळाशीं एकच समजूत आहे : आपण आपसांत ठरविलेला नियम दुसऱ्यास न विचारतांही त्यास बांधतो. ज्या टेकडीवरील प्रासादाची भिंत पाहून मी भाच्यास उपदेश केला, ती भिंत त्याच समजुतीवर उभी राहिली होती; आणि ती समजूत मेंदीच्या कुंपणाशींही आमच्या सोबत आली होती.

यावर एक आक्षेप येईल व तो मीं स्वतःलाही घेतला. प्रत्येक गोष्टीस प्रत्येकाची संमति हवी म्हटलें, तर सार्वजनिक जागेंत कोणास कांहींच करतां यावयाचें नाहीं. नागपूरच्या उन्हाळ्यांत लोक रस्त्याकडेला पाणपोई घालतात, पांखरांसाठीं झाडावर पाण्याचें भांडें टांगतात. तीं भांडीं पत्र्याचींही असतात आणि तीं कोणी नेलीं तर आपण त्यास चोरच म्हणतों. मग आमच्या डब्यानेंच काय पाप केलें? उत्तर असें कीं, पाणपोईचा नियम पाणपोईच सांगते. तहान लागलेल्या कोणासही, त्यास अक्षरओळख असो वा नसो, ती कशासाठीं आहे हें समजावून द्यावें लागत नाहीं. उघड्यावर ठेवलेली वस्तु आपला नियम आपणच बोलते. लपवून ठेवलेली वस्तु मुकी असते. तिचा नियम सांगण्याचें ओझें लपविणाऱ्यावरच पडतें, आणि तें त्यानें उचललें नाहीं तर वस्तु गेल्याबद्दल कुरकुर करण्याचा अधिकार त्याला राहत नाहीं. विश्वास ही फार थोर वस्तु आहे. पण ज्याच्यावर आपण विश्वास टाकतों त्याला तो टाकल्याचें कळविलेंच नाहीं, तर त्यास विश्वास न म्हणतां अपेक्षा म्हणावें.

एवढें ठरल्यावर मीं भाच्यास लिहिलें कीं, दुसरा डबा आपण आपल्याच आवारांत, फाटकाजवळच्या कडुनिंबाखालीं ठेवूं. फाटक दिवसा उघडें राहील, आणि त्या म्हातारीस मी आधीं सांगेन. परंतु सांगावयास निघालों तों नवाच पेंच उभा राहिला. काल तिला कांहीं ठाऊक नव्हतें, म्हणून ती निर्दोष होती. आज मी सांगितलें कीं उद्यां तिच्यावर एक कर्तव्य येणार. रोज त्या झाडावरून जातांना विकतां येण्याजोगा एक डबा तेथें आहे हें तिला दिसणार आणि हात आवरावा लागणार. हें आवरणें माझ्या गंमतीसाठीं, आणि त्याबद्दल तिला मिळणार कांहींच नाहीं. अज्ञानाचा फायदा घेणें वाईट. पण ज्ञान देऊन बंधन लादणें हेंही कांहीं फारसें बरें नव्हे. मग सांगावें तें हुकुमासारखें न सांगतां विचारल्यासारखें, एवढाच मार्ग मला दिसला.

मीं तिला फाटकाशीं थांबवून सारा खेळ समजावून दिला. परदेशची माणसें डब्यांत नांवें लिहिण्यासाठीं इतकीं धडपडतात हें ऐकून ती प्रथम पोट धरून हंसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "ठेवा जी. पन पत्र्याचा नका ठेवू. पत्रा इकला जाते. मी नाही नेला तं दुसरी नेईन, अन् नाव माहं येईन."

दोन दशकें जगभर चाललेल्या या खेळाच्या कोणा जाणत्यानें केली असती तर मान डोलवावी अशी ती सूचना होती. ज्यास बाजारांत मोल आहे तें लपवूं नका. कारण मोहाचें ओझें गरिबावर पडतें आणि आळही त्याच्यावरच येतो. आतां आमच्या कडुनिंबाखालीं एका फुटक्या कौलाच्या आडोशास नारळाची करवंटी आहे, तींत मेणकापडांत गुंडाळलेली वही आहे, आणि तिला भंगारवाला एक पैसाही देणार नाहीं. तीन अनोळखी माणसें येऊन आपलीं नांवें लिहून गेलीं. म्हातारी आठवड्यांतून दोनदां गल्लींत येते व "हाय काय जी तुमची करवंटी?" म्हणून विचारते. मी आहे म्हणतों. तो नियम आतां तिचाही आहे.